दारां-खिडक्यांची पाहणी

मृगाचा पाऊस तोंडावर आला, कीं आमच्या घरीं एक लहानसा विधि होत असे. माझे आजोबा हातांत सुतळी, एक बोथट चाकू आणि एरंडेलाची वाटी घेऊन घरांतल्या प्रत्येक दारापुढें व खिडकीपुढें उभे राहत. दार उघडीत, लावीत, त्याची कुरकुर कान देऊन ऐकत. मग चौकटीच्या पायथ्याशीं बसून चाकूची मूठ लांकडावर वाजवीत. पुढच्या दरवाजाला ते दोन मिनिटें देत. कोठीच्या आणि न्हाणीघराच्या दाराला मात्र अर्धा अर्धा तास. आम्हां मुलांना याचें हसूं येई. “जें दार पाहुणे पाहतात, त्याची काळजी सगळेच घेतात. जें कोणी पाहत नाहीं, तें आपण पाहावें,” एवढेंच ते म्हणत. पुढें शाळेंत इतिहास शिकवितांना हें वाक्य मला वारंवार आठवलें. आजच्या भाषणांत त्याचाच थोडा विस्तार करावयाचा आहे.

पुण्यांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे कीं रस्त्याच्या बाजूची भिंत जाड असे आणि तळमजल्यावर त्या अंगाला खिडक्या अगदीं थोड्या. उजेड आणि वारा मिळे तो आंतल्या चौकांतून. ही हौस नव्हती, गरज होती. १७६३ सालीं निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. असे दिवस ज्या शहराच्या वांट्याला येत, तेथील घरें रस्त्याकडे पाठ करून उभीं राहिलीं तर नवल नाहीं. दाराची घडणही तशीच. जाड सागवानी फळ्या. बिजागरीऐवजीं फळीच्याच वरखालच्या टोकांना काढलेल्या खुंट्या चौकटीच्या खळग्यांत फिरत. आंतून भिंतींत सरकणारा अडसर. आणि मोठ्या दारांतच एक लहान दिंडी. दिंडींतून येणाऱ्याला वांकूनच आंत यावें लागे, आणि वांकलेल्या माणसाला शस्त्र चालवितां येत नाहीं.

या साऱ्या घडणीचा कळस म्हणजे शनिवारवाडा. १७३० सालीं पहिल्या बाजीरावानें त्याचा पाया घातला आणि १७३२ सालीं वास्तुशांत झाली. तटाला पांच दरवाजे. त्यांतला उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा आजही पाहावयास मिळतो. हत्तीनें मस्तकाची धडक देऊन दार फोडूं नये, म्हणून त्याच्या फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत. शाळेची सहल नेली, कीं मुलें त्या खिळ्यांपुढून हलत नसत. मी त्यांना एकच प्रश्न विचारीत असें: “३० ऑगस्ट १७७३ रोजीं हे खिळे कोणाच्या उपयोगीं पडले?”

त्या दिवशीं थकलेल्या पगाराची मागणी करीत गारदी वाड्यांत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी शिरले ते दिल्ली दरवाजाचे खिळे मोडून नव्हे. रघुनाथरावांच्या महालाला वेगळी वाट असावी म्हणून एक नवें दार काढण्यांत येत होतें. काम अपुरें राहिलेल्या त्या दारानें ते आंत आले, असें जुन्या इंग्रजी इतिहासांत नमूद आहे. फितुरी घरांतलीच होती, तिच्यापुढें दार काय करणार, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. परंतु फितुरीलाही वाट लागते. आणि ती वाट, सर्वांचें लक्ष असलेल्या दरवाजांतून सहसा जात नाहीं.

दुसरा प्रसंग याहून अलीकडचा. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग आला, आणि थोड्याच महिन्यांत पुण्यास पोंचला. १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत रँड यांच्या प्लेग कमिटीच्या हुकमानें गोरे शिपाई घरोघर झडती घेऊं लागले. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कांहींच वर्ज्य राहिलें नाहीं. बंद दारें फोडून उघडलीं गेलीं. त्या अपमानाची आग किती खोल होती, हें २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं केलेल्या गोळीबारानें जगाला कळलें.

या झडत्यांतील जुलमाविषयीं आपण पुष्कळ वाचलें आहे. त्यांतील दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. पाहणी करणाऱ्यांची नजर चुकीच्या जागीं होती. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला होता. पण तो माणसापर्यंत पोंचतो कसा, हें कोणाला ठाऊक नव्हतें. अंधार, घाण आणि कोंदट हवा यांतूनच रोग उपजतो, अशी समजूत असल्यामुळें भिंतींना चुना देणें, घरांत उजेड-वारा घेणें यांवर सारा भर. मुंबईंत तर छपराचीं कौलें काढून घरांत ऊन घेतलें गेलें. १८९८ सालीं कराची येथें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें दाखवून दिलें, कीं रोग येतो तो उंदरांवरील पिसवांतून. म्हणजे साहेबाची नजर छपराकडे आणि खिडकीकडे होती, आणि मरण येत होतें तें दाराखालच्या फटींतून व जमिनीच्या बिळांतून. उजेड-वारा चांगलाच, क्षयासारख्या रोगांत त्याचा उपयोगही आहे. परंतु प्लेगचें दार तें नव्हे.

इतिहासांतल्या लोकांना नांवें ठेवणें सोपें असतें. म्हणून आतां माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. १९९४ सालच्या श्रावणांत माझी आई न्हाणीघरांत पाय घसरून पडली. दाराला आंतून कडी. दार पावसानें फुगलेलें आणि आंतल्या बाजूस उघडणारें. आई दाराला टेकूनच पडलेली. जोरानें ढकलावें, तर तिलाच इजा व्हावयाची. अखेर शेजारचा मुलगा वरच्या झरोक्याची कांच फोडून आंत उतरला. या सर्वांत पाऊण तास गेला. आई वांचली, परंतु त्या पाऊण तासांत ती आंतून मला हांक मारीत होती आणि मी दाराबाहेर नुसता उभा होतों. तें दार दोन पावसाळे घासत होतें, हें मला ठाऊक होतें. आदल्या दिवाळींत मीं पुढच्या दाराला मात्र नवा रंग दिला होता.

तेव्हांपासून आजोबांचा विधि मीं पुन्हां सुरू केला. त्यांत पाहावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट चौकटीचा पायथा. ओल आणि वाळवी, दोन्ही खालून येतात. मूठ वाजविली असतां आवाज ठणठणीत आला तर लांकूड निरोगी. भदभद आला तर आंत पोकळ. जमिनीपासून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली, तर ती खरवडून स्वस्थ बसूं नये. वाळवीचें घर जमिनींत असतें, आणि वरचा रंग जसाच्या तसा ठेवून ती आंतलें लांकूड खाते.

दुसरी गोष्ट चौकटीचा काटकोन. सुतळी एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत धरावी, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. मापें सारखीं भरलीं आणि तरीही दार घासत असेल, तर दोष बिजागरीचा किंवा फुगलेल्या लांकडाचा. मापांत फरक पडला, तर बहुधा चौकट हलली आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतींत तिरपी चीर गेली असेल आणि ती दरसाल वाढत असेल, तर सुताराला नव्हे, बांधकामाच्या जाणकाराला बोलवावें.

तिसरी गोष्ट फुगण्याची. लांकूड दमट हवेंत रुंदीनें फुगतें, लांबीनें फारसें नाहीं. भर पावसांत रंधा मारला, तर उन्हाळ्यांत त्याच जागीं फट पडते. म्हणून कोरड्या दिवसांत तासावें, आणि दाराच्या वरच्या व खालच्या कडेलाही रंग द्यावा. पाणी तेथूनच शिरतें, आणि रंगारी नेमकी तीच कड विसरतो.

चौथी गोष्ट खिडकीवरचें पाणी. खिडकीखालच्या पट्टीचा ढाळ बाहेरच्या अंगाला असावा. छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खांच नसली, तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे वळतें. हल्लींच्या सरकत्या खिडक्यांच्या खोबणीला पाणी बाहेर जाण्यासाठीं लहान भोकें ठेवलेलीं असतात. तीं धुळीनें बुजलीं, कीं पाणी खोलींत उतरतें आणि आपण दोष पावसाला देतों.

शेवटची गोष्ट सुटकेची. १८२८ सालच्या आगींत शनिवारवाड्यांतले लांकडी महाल जळून गेले. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. घर बाहेरच्यापासून राखणें हें दाराचें अर्धेंच काम आहे; आंतल्या माणसाला वेळेवर बाहेर सोडणें हें उरलेलें अर्धें. आज आपण चोराच्या भयानें प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी ठोकतों. त्यांतल्या एका तरी जाळीला उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली घरांतल्या सर्वांना ठाऊक असावी. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडतां येईल अशी असावी. घरांत वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर हें उद्यांवर टाकूं नये.

श्रोतेहो, या कामाला एक सकाळ पुरते. सुरुवात मात्र दिवाणखान्यापासून करूं नका. जें दार आपण रोज उघडतों, पण ज्याच्याकडे कधीं पाहत नाहीं, त्याच्यापुढें आधीं उभे राहा.