खिळे ओतणारा माणूस : शंकर आबाजी भिसे

बेळगावात किर्लोस्करांचे सायकलचे दुकान होते, हे आपण घरीदारी ऐकलेले आहे. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा. त्यांच्याहून दोन वर्षांनी थोर असलेल्या शंकर आबाजी भिसे यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. एकाने इथल्या मातीसाठी नांगर केला, दुसरा बोटीत बसला.

भिसे मुंबईचे. सरकारी कारकुनी करता करता त्यांनी विज्ञानप्रेमींचा क्लब काढला आणि ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी मासिक चालवले. पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा आपोआप तोलणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली. ती भिशांनी जिंकली आणि विलायतेची वाट धरली. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला.

त्यांचे खरे काम खिळ्यांचे. वितळलेला शिशाचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, निवला की अक्षर बाहेर काढायचे. भिशांच्या यंत्रात एकाच वेळी अनेक अक्षरे ओतली जात. मराठी छापखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरून आपल्या केसमध्ये शेकडो खिळे लागत. मासिक चालवलेल्या माणसाला ही अडचण ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

पण भांडवल? ब्रिटिश समाजवादी हाइंडमन यांनी उभे करू म्हटलेले पैसे आलेच नाहीत. भिसे परत आले. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या शब्दाखातर सर रतन टाटांनी हात दिला, तोही पुढे सुटला. अखेर न्यूयॉर्क. १९२०मध्ये तिथे त्यांच्या टाइप-यंत्राची कंपनी निघाली. त्याच वर्षी इकडे ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, हा योगायोग मला चुटपुट लावतो.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. आमच्या औषधपेटीत ‘आयोडम’ची बाटली असतेच. भिशांनीही आयोडीनचे एक औषध केले, ते पुढे ‘ॲटॉमिडीन’ नावाने अमेरिकेत विकले गेले. आमची मात्रा आणि त्यांची मात्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी ती बाटली हातात घेतली की मला हा गृहस्थ आठवतो.

१९३०मध्ये ते एडिसनला भेटले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कलाच वारले.

आपल्या वाड्याच्या माळ्यावर, पणजोबांच्या ट्रंकेत ‘विविध कलाप्रकाश’चा एखादा अंक असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला जरूर दाखवा.