फेसाचं घरटं

माझ्या लहानपणी आमच्या घरी काचेच्या बरणीत एक फायटर मासा होता. एकटाच. एका सकाळी पाण्यावर पांढरा फेस दिसला. पाणी नासलं असं समजून अम्मीने बरणी मोरीत ओतली, घासली आणि मासा ताज्या पाण्यात सोडला. दोन-तीन दिवसांत पुन्हा फेस, पुन्हा घासणं. तो फेस म्हणजे त्याचं घरटं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकातून कळलं.

अशी फसगत एका जाणकाराचीही झाली होती. पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए नावाचे गृहस्थ मासे वाढवत. 1869 साली त्यांच्याकडे चीनमधले काही मासे आले. हौशी मंडळी त्यांना आज पॅराडाइज फिश म्हणतात. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचा एक जादा अवयव या माशांना असतो, त्यामुळे थोड्याशा पाण्यातही ते तग धरतात. घरात वाढवायला सोयीचेच.

कार्बोनिए पाहत राहिले. मोराने पिसारा फुलवावा तसे पर पसरून नर मादीसमोर मिरवला. मग तोंडातून हवा आणि चिकट स्राव सोडून त्याने पाण्यावर फेसाची चकती बांधली. मादीने अंडी टाकली, तशी ती त्याने भराभर तोंडात घेतली. कार्बोनिए धास्तावले. आता हा सगळी गिळणार! पण नराने ती फेसात नेऊन ठेवली, राखण केली, फुटलेला फेस पुन्हा पुन्हा सांधला. डार्विनने ‘डिसेंट ऑफ मॅन’च्या 1874 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही हकीकत कार्बोनिएंच्या धास्तीसकट दिली आहे. मला त्यातली ती धास्तीच जास्त आवडते.

पुढे 1870 च्या दशकात त्यांनी आपल्याकडचा, गंगेच्या मुलखातला एक रंगीत मासाही असाच वाढवला. तोही फेस बांधणारा. बंगाली माणूस त्याला खोलिशा म्हणतो. त्यावरूनच शास्त्रात ‘कोलिसा’ हे नाव गेलं.

अम्मीला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मादी तर नव्हतीच. कुणासाठी बांधत होता रे?” मादी नसली तरी नर फेस बांधतो, एवढंच मी सांगू शकलो.

नंतर मी स्वतः जोडी आणली. अंडी झाल्यावर मादीला लगेच वेगळं काढायचं, नाहीतर नर तिला फाडून काढतो. एक-दोन दिवसांत पिल्लं फुटतात आणि फेसाला स्वल्पविरामासारखी लटकतात. एखादं खाली घसरलं की बाप ते तोंडात धरून वर ठेवतो. पिल्लं पोहू लागली की बापालाही बाहेर काढावं लागतं, कारण मग तोच त्यांना खाण्याची भीती असते. पिल्लांचं तोंड इतकं बारीक, की वाळकं गवत मुरवलेल्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीवच त्यांना खाता येतात. पुढे काही आठवड्यांनी ती वर येऊन हवा घेऊ लागतात. तेव्हा गार वारा लागला तर मरतात. माझी पहिली खेप अशीच गेली. दुसऱ्या खेपेला अम्मीने टाकीवर काचेचं झाकण ठेवलं आणि पंखा बंद केला.