तुकड्यातुकड्यांचं औंध

औंध संस्थानाचा नकाशा मी संगणकावर गाववार रंगवायला घेतला. राज्य म्हणजे एक बंद आकृती, अशी आपल्याला सवय. इथे ती बंदच होईना. खुद्द औंध आजच्या खटाव तालुक्यात, तिथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला आटपाडी, दक्षिणेला कृष्णेच्या खोऱ्यात कुंडल, आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. मधे सगळा परका मुलूख. प्रतिनिधींच्या जहागिरीतून उरलेलं हे संस्थान सगळं मिळून ५०० चौरस मैलांच्या आसपास.

कुंडलजवळून रेल्वे जात होती. बेळगावातली जागा गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना भवानराव पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये तिथला माळ दिला. त्याची किर्लोस्करवाडी झाली.

आटपाडीच्या वाट्याला रेल्वे नाही, पाऊसही नाही. हा माणदेश. सह्याद्री ओलांडून येईतो ढग रिकामे झालेले असतात आणि माण नदीत बहुतेक वर्ष नुसती वाळू. माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, नाहीतर सोन्या-चांदीच्या गलाईला परराज्यात. आमच्या आजोळची अर्धी घरं अशीच कुलूपबंद आहेत. मी पुण्यात कोड लिहितो, तेही त्याच रांगेतलं.

आणि नेमक्या या कोरड्या तुकड्यात एक धाडस झालं. २१ जानेवारी १९३९ ला भवानरावांनी सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. पाया गावपंचायतीचा, सल्ला गांधीजींचा. धडपड राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची. (इंजिनिअर असूनही त्याला माणसं कळत होती, हे आमच्या धंद्यातल्यांनी लक्षात घ्यावं.) त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं: भिंत नसलेला तुरुंग. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करू लागले. या माळावर शेती म्हणजे सक्तमजुरीच, पण पीक आपलं म्हणता येत होतं. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची कथा याच प्रयोगावरची. लिहिणारे गदिमाही आटपाडीकडचेच, शेटफळ्याचे.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. औंध साताऱ्यात राहिलं; आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेली, त्याचंच १९६० मध्ये सांगली झालं; गुणदाळ कर्नाटकात. घटना जेमतेम नऊ वर्षं चालली. स्वतंत्रपूर अजून आहे. कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी आता टप्प्याटप्प्याने चढत आटपाडीच्या डाळिंबांपर्यंत येतं.