वाढदिवसातील ‘वाढ’

सुरतेच्या उत्तरेस, तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेल्यावर कोसाड नावाचे जे गाव लागते, त्याचे गावपण आता लोहमार्गावरील लहानशा स्थानकाच्या पाटीपुरते आणि जुन्या फळियांपुरतेच उरले असून, झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनासाठी महापालिकेने उभारलेल्या तेथील आवास-वसाहतीत खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि खुद्द गुजरात अशा चारी मुलखांची कुटुंबे एकाच जिन्यावर नांदतात. यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादमी करणारा माझा एक अमळनेरकडचा मित्र याच वसाहतीत राहतो. त्याच्या वाढदिवसाला बाहेरून एक जिन्नसही विकत आणावयाचा नाही, असा त्याच्या आईचा दंडक असल्यामुळे पौषातल्या त्या दिवशी वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि तांदळाची खीर हा बेत ठरलेलाच असतो. बट्टी भाजून, सुरीने तिच्या फाका करून त्या तेलात तळणे आणि पानात कुस्करून तिच्यावर वरण व तूप ओतणे, हा खानदेशी विधी ज्याने पाहिला नाही, त्याला पुढील विवेचनातील ‘छेदन’ आणि ‘पूरण’ हे शब्द कोरडे वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो येथे नमूद करून ठेवतो.

यंदा देवापुढे नारळ ठेवला होता. शेजारची गुजराती बेन दारात येऊन म्हणाली, ‘‘श्रीफळ वधेर्युं, मासी?’’ मित्राच्या आईने ‘‘हो, वाढवला, आता पानं वाढते, बसा तुम्ही,’’ असे उत्तर दिले. ‘‘आज तुमचे यजमान का आले नाहीत?’’ या न विचारलेल्या प्रश्नाचा खुलासा म्हणून ती बाई पुढे वदली की, ते गावी ‘शेरडी वाढवा गया छे’. म्हणजे ऊस तोडावयास गेले आहेत. एका उंबरठ्यावर, अर्ध्या मिनिटाच्या आत, वाढदिवसाच्या निमित्ताने, नारळ फोडणे, अन्न घालणे आणि ऊस कापणे या तिन्ही क्रिया एकाच अक्षर-कुळातील शब्दांनी व्यक्त व्हाव्यात, ही गोष्ट मला जेवणापेक्षाही अधिक स्वादिष्ट वाटली, आणि तेव्हापासून मी या कुळाची वंशावळ जुळविण्याच्या नादी लागलो आहे.

मराठी माणसाला ‘वाढ’ म्हटले की वृद्धी आठवते. गुजरातीत मात्र ‘वाढवुं’ म्हणजे कापणे. पीक वाढावे, नाक वाढावे, आणि शस्त्रक्रियेला तर ‘वाढकाप’ असाच रोकडा शब्द आहे. वृद्धी दाखविण्यासाठी ती भाषा ‘वधवुं’ म्हणते. वरवर पाहता हा योगायोग वाटेल. परंतु पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात वृद्धिवाचक ‘वृध्’ धातूहून निराळा असा एक ‘वर्ध्’ धातू चुरादिगणात नोंदलेला असून, त्याचे अर्थ छेदन आणि पूरण असे दोन दिलेले आहेत. कापणे आणि भरणे! हिंदीतील ‘बढ़ई’, म्हणजे लाकूड कापणारा सुतार, हा संस्कृत ‘वर्धकि’चा वारस याच घराण्यातला. तेव्हा गुजरातीतला ‘वाढवुं’ हा कापणाऱ्या वर्ध् धातूचा औरस वंशज मानण्यास कोणाची हरकत असू नये.

खरा तंटा आहे तो ‘वधेरवुं’ या शब्दावर. नारळ वधेरणे म्हणजे त्याचा बळी देणे, सबब तो शब्द ‘वध’ यापासून निघाला, असे सांगणारा पक्ष प्रबळ आहे, आणि देवीपुढील बळीची जागा श्रीफळाने घेतली ही लोकसमजूत त्याच्या पाठीशी उभी आहे. मला हा पक्ष ग्राह्य वाटत नाही, आणि माझा दाखला स्वयंपाकघरातलाच आहे. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला संस्कृत ‘ध’ लोकभाषेत उतरताना ‘ह’ होतो: दधीचे दही झाले, वधूची गुजरातीत वहु झाली. वध हा शब्द परंपरेने उतरला असता तर त्याचेही ‘वह’ झाले असते. धकाराचे रक्षण होण्यास त्याच्यापाठी रकाराचा जोड हवा. तो ‘वर्ध्’मध्ये आहे. त्याच जोडामुळे प्राकृतात ‘वड्ढइ’ होते, मराठीत ‘वाढ’ होते, आणि सार्धचे ‘साडे’ होते. वधेरणे हा शब्द पंडितांनी मागाहून संस्कृतातून उचलला असेल, अशी पळवाट प्रतिपक्षाला आहे. पण खेड्यातल्या देवळापुढची क्रिया पंडितांच्या शब्दाची वाट पाहत थांबली असेल, हे संभवनीय दिसत नाही.

आता मराठीकडे वळू. आपण नारळ ‘फोडला’ म्हणत नाही, ‘वाढवला’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. याची सर्वमान्य उपपत्ती मंगलभाषणाची: अशुभ शब्द तोंडून निघू नये म्हणून त्याच्या नेमका उलट शब्द वापरावयाचा. ही उपपत्ती मी सरसकट नाकारू शकत नाही, कारण हिंदी भाषक दुकान बंद करतानाही ‘दुकान बढ़ाना’ म्हणतात आणि दिवा मालवतानाही ‘दिया बढ़ाना’ म्हणतात, व दुकानाच्या किंवा दिव्याच्या बाबतीत कापण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि माझी मसलत अशी आहे: प्रथम नारळ खरोखरच ‘वाढवला’ जात होता, म्हणजे सरळसरळ कापला जात होता, जसा तो सुरतेकडे आजही वधेरला जातो, पुढे मराठीत कापण्याचा अर्थ लोपला, शब्द मात्र देवघरात टिकला, आणि तो लोकांना उलट्या अर्थाचा भासल्यामुळे त्याच धर्तीवर बांगड्याही वाढू लागल्या. मंगलभाषण हे या शब्दाचे मूळ नव्हे. त्याच्या विस्मृतीवर चढलेले ते कलम होय.

या कलमाखालील मूळ किती खोल जाते, याचा पुरावा मला मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मिळाला, आणि माझ्या साऱ्या खटाटोपाचा तोच आधारस्तंभ आहे. तेथे जातकर्म केव्हा करावे हे सांगताना ‘नाभिवर्धन’ हा शब्द योजलेला आहे. नाभिवर्धन म्हणजे नाभीची वाढ नव्हे, नाळ कापणे. नाळ कापण्यापूर्वी नवजात बालकाला सोने, मध आणि तूप चाटवावे, असा तो विधी. म्हणजे मनुष्याच्या जन्मक्षणीच दोन क्रिया घडतात, एक छेदनाची आणि एक भरविण्याची, आणि त्यांपैकी पहिलीचे शास्त्रोक्त नाव ‘वर्धन’ आहे. ज्या दिवशी आपले ‘वर्धन’ झाले त्या दिवसाची सांवत्सरिक आवृत्ती म्हणजे वाढदिवस, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला आवरत नाही, आणि मी तो आवरणारही नाही.

प्रतिपक्ष म्हणेल की, धर्मशास्त्रातील या विधीचे नाव ‘वर्षवृद्धी’ किंवा ‘वर्धापन’ असे आहे, त्यात वृद्धी स्पष्ट आहे, आणि नाळेचा उल्लेखही नाही. हे खरे आहे. कमलाकरभट्टाने काशीत १६१२ मध्ये रचलेला निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केलेला धर्मसिंधू हे आपल्याकडील वहिवाटीचे आधारग्रंथ. या परंपरेत जन्मतिथीला तिळाचे स्नान, नवे वस्त्र, मार्कंडेयासह अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान आदी चिरंजीवांचे पूजन, आणि आयुष्यवृद्धीसाठी तीळ-गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध पिणे, असा क्रम सांगितला आहे. त्याच परंपरेत त्या दिवशी नखे व केस कापू नयेत, कलह करू नये, प्रवास करू नये, अशी निषेधांची यादीही येते. कापण्याचा निषेध असलेला दिवस कापण्यावरून नाव कसा घेईल? हा आक्षेप वजनदार आहे. त्यावर माझे उत्तर असे की, ज्या दिवशी आयुष्यातले पहिले आणि सर्वांत थोर छेदन घडले, त्या दिवशी दुसऱ्या क्षुद्र छेदनाला मज्जाव असणे हेच साहजिक आहे. हे उत्तर मला पटते. शास्त्र्यांना पटेल अशी ग्वाही देत नाही.

पान ‘वाढणे’ याचा निवाडा अधिक सोपा आहे. शेजारच्या भाषांनी या क्रियेसाठी संस्कृत ‘परिवेषण’ पत्करले. हिंदीत ‘परोसना’, गुजरातीत ‘पीरसवुं’. जुन्या मराठीत ‘वोगरणे’ होते, तेही मागे पडले, आणि मराठी व कोंकणी यांनी मात्र वाढण्याचीच कास धरली. येथे पुन्हा दोन तर्क आहेत: पानातले अन्न वृद्धिंगत करणे, किंवा पातेल्यातल्या अन्नाचे वाटे पाडणे. मला तिसरा अधिक रुचतो, धातुपाठातले ‘पूरण’. रिकामे ते भरून काढणे. शिवाय पोळीच्या पोटात जे भरतात त्यालाही आपण पुरणच म्हणतो, तेव्हा या अर्थाला साक्षीदाराची वाण नाही.

गुजरातीत वाढदिवसाला ‘वरसगाँठ’ म्हणतात. मुघल दरबारात ‘सालगिरह’ होता. साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ, आणि वर्षागणिक दोऱ्याला एक गाठ मारून वय मोजण्याची ती रीत. मूळ कोणते आणि भाषांतर कोणते? फार्सी दरबारी भाषा, म्हणून शब्दही तिकडूनच आला, असे बहुतेक जण धरून चालतात. परंतु इराणात जन्मदिवसाला सामान्यतः ‘तवल्लोद’ म्हणतात. सालगिरह हा हिंदुस्थानी फार्सीचा लाडका. काबूलकडेही तो चालतो खरा, पण काबूल हा दीर्घकाळ मुघलांचाच सुभा. तेव्हा गाठ आपली आणि नाव त्यांचे, असा माझा कौल आहे, विशेषतः बादशहांनी याच दिवसासाठी आपल्याकडून तुलादान उचलले हे निर्विवाद असल्यामुळे. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत दिलेल्या नोंदीनुसार सौर जन्मदिनी अकबराची बारा जिनसांशी तुला होई. मोलाच्या उतरत्या क्रमाने सोने पहिले आणि मीठ शेवटचे. मधे तूप, लोखंड, आणि लोखंडाच्या खालोखाल चक्क तांदळाची खीर, मग सात धान्ये. खिरीला लोखंडाहून खालचा दर्जा देणारा कारकून कोण होता हे कळले असते तर बरे झाले असते. १६१५ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळीला उतरलेल्या सर टॉमस रो याने पुढे दोन वर्षांनी मांडू येथे जहांगीराची अशीच तुला पाहिली.

केक, मेणबत्त्या आणि फुगे इंग्रजी अमदानीत आले. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, इतकेच की केक ‘कापण्या’ला नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी नाभिवर्धनाचा विचार करावा.

एक आक्षेप उरतो, आणि तो त्या शेजारीण बेननेच, खीर वाटीत घेता घेता, घेतला: कापण्याचा अर्थ आमच्या भाषेत जिवंत असताना आम्ही वरसगाँठ म्हणतो, आणि तुमच्या भाषेत तो मेलेला असताना तुम्ही वाढदिवस म्हणता, तर मग तुमच्या दिवसाचा कापण्याशी संबंध कसा? विचारांती मला वाटते की, याच कारणामुळे. ज्या भाषेत ‘वाढ’ म्हणताच कोयता डोळ्यांपुढे येतो, ती भाषा लेकराच्या शुभदिनाला तो शब्द लावणार नाही, गाठीकडे वळेल. ज्या भाषेत कोयता विसरला गेला, तीच तो बिनदिक्कत लावील. मात्र हे मान्य केले म्हणजे हेही मान्य करावे लागते की, नाव रूढ होण्याच्या वेळी मराठी माणसाच्या मनात वृद्धीच होती, नाळ नव्हती. नाभिवर्धन आणि वाढदिवस यांच्यामधला एखादा टप्पा, एखाद्या जुन्या बखरीत किंवा महानुभावांच्या पोथीत जन्मतिथीला ‘वाढ’ म्हटलेले आणि जवळच नाळेचा उल्लेख असलेले, असे एकच वाक्य हाती लागले, तर माझी बाजू मार्गी लागेल. तोवर शेजारीणबाईंचा मुद्दा दप्तरी दाखल आहे.