ह्वांगतो

कोरियात मुबलक आढळणारी पिवळसर तांबूस माती. केओलिनाइटसारखी मृद्‌खनिजे आणि लोहाची ऑक्साइडे तिच्यात असतात. घातक शैवालबहरापासून पिंजऱ्यांत पाळलेले मासे वाचवण्यासाठी ती समुद्रात पसरण्याची पद्धत दक्षिण कोरियात १९९६ पासून मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. आदल्याच वर्षी, १९९५ मध्ये, *कॉक्लोडिनियम पॉलिक्रिकॉइडीज* या शैवालाच्या बहरामुळे तेथील मत्स्यपालकांचे सुमारे ७,६४० कोटी वॉनचे नुकसान झाले होते. (या शैवालाचे आजचे शास्त्रीय नाव *मार्गालेफिडिनियम*.)

हे एकपेशीय शैवाल कशाभिकांच्या साहाय्याने पोहते व साखळ्या करून राहते. दाट बहरात त्याच्या चिकट स्रावाने माशांचे कल्ले बुजतात आणि मासे गुदमरतात. मोकळे मासे निसटून जाऊ शकतात; पिंजऱ्यातल्यांना ती सोय नाही.

माती शैवालाला विष म्हणून मारत नाही. खाऱ्या पाण्यात तिचे बारीक कण एकमेकांना व पेशींना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. शैवाल दिवसा पृष्ठभागाकडे येते, म्हणून बोटींतून मातीचा राडा उन्हाच्या वेळी पसरणे फायद्याचे. स्वस्त, हाताशी असलेले साधन हे ह्वांगतोचे खरे बळ. मात्र दर चौरस किलोमीटरला शंभर ते चारशे टन माती लागते, हा तिचा भार.

तो भार चीनमध्ये कमी झाला. छिंगदाओ येथील समुद्रविज्ञान संस्थेत यू झिमिंग व सहकाऱ्यांनी मातीवर पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडची प्रक्रिया केली. साध्या मातीचे कण व पेशी दोन्हींवर ऋण विद्युतभार असल्याने ते परस्परांना काहीसे दूर सारतात, म्हणून चिकटणे अपुरे राहते. या प्रक्रियेने कणांवर धन भार येतो आणि दर चौरस किलोमीटरला चार ते दहा टन माती पुरते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्यामागेही अॅल्युमिनियमचाच गुण आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील *करेनिया ब्रेव्हिस* या विषारी शैवालावरही मातीचे प्रयोग झाले आहेत.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पृष्ठभागावरचे संकट तळाशी ढकलले जाते: शिंपल्यांसारखे पाणी गाळून खाणारे प्राणी गाळाखाली सापडतात आणि कुजणाऱ्या शैवालाने तळाचा प्राणवायू घटू शकतो. जोरदार प्रवाहात पुंजके पुन्हा वर उचलले जातात. त्यामुळे बहर दिसताच माशांचे खाद्य थांबवणे आणि शक्य तेथे पिंजरे खोल सोडणे किंवा ओढून दूर नेणे, हे उपायही मातीच्या जोडीने करावे लागतात.