चौदा वर्षांची मुदत

खिशातला कागद बाहेर काढू नका. पथ्य एवढंच. बाकी हवं तिथे फिरा, हवं त्याच्याशी बोला.

काल रात्री दीड वाजेपर्यंत जागून तुम्ही त्या कागदावर यंत्राचं चित्र काढलंत. वर नरसाळं, मधे झडप, खाली पारडं. किराणा दुकानात साखर, रवा, बेसन आपोआप तोलून पिशवीत सोडणारं यंत्र. अर्धा किलो भरला की झडप आपली आपण बंद. कोपऱ्यात घाईघाईत एक तारेचा काटाही काढलाय, कारण जुलैत साखरेचे गोळे होतात आणि नरसाळं तुंबतं. मेव्हणा म्हणाला, "उद्याच्या उद्या पेटंट करून टाक, नाहीतर कोणीतरी ढापेल." म्हणून सकाळी तुम्ही अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात जायला निघालात. हार्बर लाइनच्या गाडीत खिडकी मिळाली, डोळा लागला आणि उघडला तो काळबादेवीत, कोलभाट गल्लीत. एकोणिसावं शतक संपत आलंय.

घोड्यांची ट्राम घंटा वाजवत जाते. प्लेगच्या भीतीने भिंतींना ताजा चुना फासलेला, गटारांतून औषधाचा उग्र वास. शेजारीच निर्णयसागर छापखाना. त्याचे संस्थापक जावजी दादाजी जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांच्या छपाईच्या खिळ्यांचं नाव अजून तसंच आहे. दारातून आत डोकावा. खिळे जुळवणारा माणूस डाव्या हातात स्टिक धरून उभा आहे आणि उजवा हात केसमधल्या खणांवरून न बघता फिरतोय. काना एका खणात, वेलांटी दुसऱ्या, जोडाक्षरं आणखी कुठेतरी. देवनागरीला असे शेकडो खिळे लागतात. एक ओळ जुळायला किती वेळ लागतो ते नीट बघून ठेवा, पुढे लागेल.

समोरच्या वाण्याकडे एक बाई पावशेर साखर मागते. वाणी पारडं उचलतो, चिमूटभर घालतो, चिमूटभर काढतो. बाई त्याच्या अंगठ्यावर डोळा ठेवून असते, काटा मारतो की काय म्हणून. तुमचा हात खिशाकडे जातो. ह्याला दाखवावं, असं वाटतं.

थांबा. शोध नवा असेल तरच पेटंट मिळतं, आणि अर्ज टाकण्याआधी तुम्ही तो चारचौघांत उघडा केलात की तो नवा उरत नाही. तुमच्या काळातला भारतीय कायदा तर जगात कुठेही, कधीही छापलं किंवा वापरलं गेलेलं जमेला धरतो. भागीदाराला, सुताराला, पैसे घालणाऱ्याला सांगायचं तर गुप्ततेचा करार लिहून घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. दुकानासमोर उभं राहून नाही.

आता ज्यांच्यासाठी आलात त्यांच्याकडे वळू. याच शहरात शंकर आबाजी भिसे नावाचे तिशीतले गृहस्थ आहेत. जन्म १८६७चा, मुंबईचाच. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढण्याचं उपकरण उभं केलं. पुढे एक घन वस्तू बघता बघता दुसरीच दिसू लागते असे दृष्टिभ्रमाचे प्रयोग केले, ते मँचेस्टरला नेऊन दाखवले. लोकल गाडीतल्या प्रवाशाला स्टेशन कळावं म्हणून दर्शक फलकाची कल्पना काढली. ज्या गाडीत तुमचा डोळा लागला तिच्या डब्यात दिवे लावलेला तसलाच फलक होता, आठवतंय? तुम्ही त्याच्याकडे मान वर करून बघितलंही नसेल.

आणि सध्या त्यांचं नाव झालंय ते वेगळ्याच गोष्टीने. लंडनच्या 'इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड' या नियतकालिकाने एक स्पर्धा लावली होती. पीठ, साखर असे भुकटीसारखे जिन्नस आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. भिशांनी इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून ती जिंकली.

पीठ. साखर. आपोआप. तोलून.

होय, तुम्हाला बरोबर ऐकू आलं. रात्री दीड वाजता सुचलेली तुमची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका माणसाने बक्षीस घेऊन निकालात काढली आहे. मेव्हण्याला हे सांगू नका इतक्यात.

काँग्रेसचे दिनशा वाच्छा भिशांना दादाभाई नौरोजींच्या नावे एक परिचयपत्र देतात. ते घेऊन ते लंडनला जातात आणि तुम्ही त्यांच्या मागोमाग. जहाजाचे दिवस वगळू, मळमळीशिवाय त्यात काही नाही.

७२, अ‍ॅनर्ली पार्क. दादाभाई नौरोजी सत्तरी ओलांडलेले. हिंदुस्थानातून दर वर्षी किती संपत्ती इंग्लंडला वाहून जाते याचे आकडे जुळवण्यात आयुष्य घातलेला हा माणूस एका अनोळखी मुंबईकराच्या डोक्यावर स्वतःचा पैसा लावतो. नुसतं कौतुक करून पाठवत नाही, भागीदारीचा करारनामा तयार करतो. मला यात दादाभाईंचा हिशेबीपणा दिसतो आणि त्याहून जास्त त्यांची हौस. वाहून गेलेली संपत्ती मोजून झाली, आता इथल्या एखाद्या डोक्यातून नवी काढता येते का बघू.

मग पेटंट कार्यालय. चॅन्सरी लेनजवळ साउदॅम्प्टन बिल्डिंग्ज. १८८३च्या कायद्याने इथली फी एकदम उतरली. पूर्वी सुरुवातीलाच पंचवीस पौंड मोजावे लागत, आता चारात भागतं. अर्जासोबत कच्चा तपशील द्यायचा तर एक पौंड, आणि नऊ महिन्यांच्या आत पक्का तपशील, त्याचे तीन. खिडकीमागचा कारकून तुमच्याकडे न बघता विचारतो, "कच्चा की पक्का?" गिरगावातल्या खानावळीत बसल्यासारखं वाटतं.

इथे तुमच्या मनात पाप येतं. आपण भविष्यातून आलोय. बॉलपेन इथेच नोंदवून टाकलं तर? एक पौंड तर फी. पण अमेरिकेत जॉन लाउड नावाच्या माणसाने टोकाला गोळी बसवलेलं पेन १८८८मध्येच नोंदवून ठेवलंय, चामड्यावर खुणा करायला. ते बाजारात चाललंच नाही आणि पेटंटची मुदत तशीच सरली. चालणारी शाई आणि गोळी जमवायला लास्लो बिरोचं १९३८ साल उजाडावं लागलं. मधल्या पन्नास वर्षांत कल्पना काही कोणी चोरली नव्हती. ती सगळ्यांसमोर पडून होती. गपचूप खिडकीवरून बाजूला व्हा, मागे रांग आहे.

भिशांची नजर आता छापखान्यावर आहे. कोलभाट गल्लीतला तो फिरणारा हात आठवा. लायनोटाइप यंत्राने तो हात काढून टाकला, पण ते अख्खी ओळ एका तुकड्यात ओततं. एक अक्षर चुकलं की ओळ वितळवून पुन्हा. मोनोटाइप सुटे खिळे ओततं, पण एका वेळी एकच. भिशांना अनेक खिळे एकदम ओतायचे आहेत.

ऐकायला सोपं आहे. एक ताजा खिळा हातात घ्या, अजून कोमट असेल. शिसं, त्यात कथील, त्यात अँटिमनी. नुसतं शिसं मऊ पडतं आणि थंड होताना आक्रसतं. अँटिमनी त्याला कडक करतं आणि आक्रसणं रोखतं. इंग्रजी खिळ्याची उंची ०.९१८ इंच. त्यात केसभर फरक पडला तर छापताना ते अक्षर फिकं उमटतं किंवा कागदाला खड्डा पाडतं. एका साच्यात एक खिळा ओतताना ही उंची सांभाळता येते. अनेक साचे शेजारी शेजारी ठेवले की मधला तापलेला राहतो आणि कडेचा आधी गार होतो. प्रत्येक प्रयोगाला नवा साचा, नव्या साच्याला लेथवरचा कुशल कारागीर, आणि कारागिराला शनिवारी पगार.

पेटंटची मुदत चौदा वर्षं. ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. यंत्र चालू लागेल तेव्हापासून नाही. वर पाचव्या वर्षापासून ते जिवंत ठेवायला दर वर्षी फी, तीही चढती. भिशांचे साचे गार होत असतात तेव्हा हे घड्याळ चालूच असतं. धंद्यात मुरलेल्या कारखानदाराला अशा पेटंटवर दरोडा घालावा लागत नाही. त्याला नुसतं थांबता आलं पाहिजे. मधल्या काळात पोटापाण्याला भिसे जाहिरातींचे विजेचे फलक काढतात, घरगुती उपकरणं काढतात. तुमचा कागद तुम्ही छातीशी धरून हिंडताय, पण या कार्यशाळेत चोराची भीती कोणालाच दिसत नाही. भीती आहे ती महिनाअखेरीची.

दादाभाई थकले. १९०७मध्ये ते कायमचे हिंदुस्थानात परतले. समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन भांडवलदार शोधायला निघतात, यातली गंमत तुमच्या लक्षात आलीच असेल. जमत नाही. १९०८च्या डिसेंबरात भिसे मुंबईच्या बोटीत बसतात.

त्या बोटीच्या डेकवर थोडं थांबा. उपरणं सावरत एक चष्मेवाले गृहस्थ शेजारी येऊन उभे राहतात. गोपाळ कृष्ण गोखले. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे आणि बोलायची मुभा नाही. गोखले रतन टाटांना गळ घालतील. तुमच्या आठवणीतले ते रतन टाटा नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. १९१०मध्ये लंडनमध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभं राहील. मग महायुद्ध येईल आणि सिंडिकेट गुंडाळलं जाईल. भिसे न्यूयॉर्क गाठतील, तिथे आपली कंपनी काढतील आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचं खिळे ओतणारं यंत्र अखेर विक्रीला येईल. म्हणजे लंडनमध्ये सुरुवात केल्यावर चौदाहून कितीतरी जास्त वर्षांनी. खऱ्या अर्थाने पैसा त्यांना मिळवून देईल ते मात्र आयोडिनचं एक औषध, अ‍ॅटोमिडिन. १९३५मध्ये न्यूयॉर्कलाच ते वारतील, अडुसष्टावं पूर्ण व्हायला महिनाही उरलेला नसताना.

लोक त्यांना 'भारताचा एडिसन' म्हणतात. मला ते पटत नाही. एडिसनच्या नावावर अमेरिकेची १,०९३ पेटंटं आहेत, पण त्याच्यामागे मेन्लो पार्कची माणसांनी भरलेली प्रयोगशाळा आणि वॉल स्ट्रीटचा पैसा होता. भिशांच्या मागे लंडनमधली पहिली वर्षं एक म्हातारे दादाभाई होते. तुलना करायचीच तर डोक्याची करू नका, शनिवारच्या पगाराची करा.

डेकवर वारा सुटलाय. गोखल्यांशी बोलताना भिशांचा हात हवेत काहीतरी आखतो, बहुधा साचाच. कराराशिवाय. तुम्हाला 'अहो, जपून' म्हणावंसं वाटतं आणि त्याच वेळी कळतं की आत्ता बोलले नाहीत तर उरलंसुरलंही बुडेल. पैसा हवा तर दाखवावं लागतं, आणि दाखवलं तर...

गाडी धक्का देते. समोरच्या फलकावर लाल अक्षरं सरकतात आणि ध्वनिक्षेपक बोलतो, पुढील स्टेशन गुरू तेग बहादूर नगर. या वेळी तुम्ही मान वर करून बघता.

आता काढा तो कागद. इथे कोणी बघत नाही, सगळे मोबाइलमध्ये आहेत. नरसाळं, झडप, पारडं, आपोआप तोलणं, या सगळ्यावर एक आडवी रेघ मारा. मनाला लागेल, पण मारा. तपासणारा अधिकारी तीच मारणार आहे, आणि तोवर तुमची परीक्षण फीही गेलेली असेल. आज कच्चा तपशील ऑनलाइन टाकायला एकट्या माणसाला सोळाशे रुपये लागतात आणि पक्का द्यायला बारा महिने मिळतात. भिशांपेक्षा तीन जास्त.

कोपऱ्यातला तो तारेचा काटा तेवढा उरलाय. ओल्या साखरेचा गोळा फोडून झडपेपर्यंत नेणारा. तो किती जाड, किती वेळाने फिरतो, कोणत्या कोनात बसवला की गोळा फुटतो पण दाणा पिचत नाही, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, कारण तुम्हाला ते अजून माहीत नाही.

जीटीबीला उतरा आणि पलीकडच्या फलाटावरून परतीची गाडी धरा. पेटंट कार्यालय कुठे जात नाही. वाटेत वाण्याकडून दोन किलो साखर घ्या, सुटी. पावसाळा आहे, ओलसरच देईल.