काठ, पदर आणि खण: इरकली लुगड्याची आखणी

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या वस्त्रांचा इतिहास बहुधा पैठणीपासून सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच संपतो. रेशीम, जर आणि राजघराण्यांचा आश्रय यांची कथा आकर्षक असली, तरी तिच्यामुळे शेतावर, बाजारात आणि स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या नेसल्या गेलेल्या सुती लुगड्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले. कमी खर्चात, रोजच्या कष्टाला टिकेल आणि तरीही चारचौघांत शोभेल असे वस्त्र कसे विणावे, हा प्रश्न सुती लुगड्याच्या विणकरांनी सोडवला होता. दक्षिण महाराष्ट्राच्या परिचयाचे इरकली लुगडे आणि त्याच्या जोडीचा खण यांच्या रचनेत हे उत्तर जितके स्पष्ट दिसते तितके ते दुसऱ्या कुठल्याही वस्त्रात क्वचितच दिसेल.

हे उत्तर समजण्यासाठी आधी लुगडे नेसण्याची रीत लक्षात घ्यावी लागते. नऊवारी लुगड्याला जुन्या मापाने अठरा हाती म्हणत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे, सुमारे 18 इंचांचे माप आणि दोन हातांचा एक वार, म्हणून अठरा हात म्हणजे नऊ वार किंवा आजच्या मापाने सव्वाआठ मीटर. एवढी लांबी लागे, कारण हे वस्त्र सकच्छ, म्हणजे कासोटा घालून नेसले जाई. कमरेला गाठ मारून, पुढे निऱ्या घालून त्यांचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचला की दोन्ही पाय स्वतंत्र राहत आणि स्त्रीला वाकता, चढता, चिखलात उतरता येई; पुढे खोचलेल्या ओच्यात वेचलेली भाजी किंवा शेंगा ठेवता येत. या नेसणीत परकर लागत नाही, शिवण लागत नाही आणि एकच वस्त्र बारीक अंगाच्या मुलीला, गरोदर स्त्रीला आणि म्हातारीला सारखेच बसते. आखणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, नऊ वारांतील बराचसा भाग निऱ्यांत आणि वेढ्यांत दडलेला राहतो. नजरेस पडतात ते मुख्यतः दोन भाग: पोटऱ्यांभोवती आणि मागे कासोट्यावर दिसणारे काठ, आणि खांद्यावरून किंवा डोक्यावरून घेतलेला पदर. ज्या विणकराला हे ठाऊक होते त्याने महाग धागा कुठे वापरायचा आणि कुठे वाचवायचा, हे माग मांडतानाच ठरवले.

हा हिशेब ज्या गावात सर्वांत बारकाईने केला गेला ते इरकल, कन्नडमध्ये इळकल, आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही चालुक्यांची स्थळे याच परिसरातली. ब्रिटिश अमदानीत हा मुलूख मुंबई इलाख्यात, आधी कलादगी आणि नंतर विजापूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडला गेला. विणकर कानडी आणि गिऱ्हाईक मराठी अशी या व्यापाराची जुनी घडी असल्यामुळे नकाशावर नवी रेघ पडली, तरी कोल्हापूर, सांगली आणि सोलापूरच्या पेठांतले कापडाचे दुकानदार इरकली माल मागवतच राहिले. सीमाप्रश्नावर इतकी वर्षे जे लिहिले आणि बोलले गेले, त्यात या सामाईक वस्त्राला जागा मिळाली नाही ही खेदाची गोष्ट आहे, कारण दोन्ही भाषांच्या स्त्रिया त्याच मागावरचे कापड नेसत होत्या.

इरकली लुगड्याचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे त्याचे अंग आणि पदर यांचे ताणे वेगवेगळे असतात. ताणा म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणून धरलेले धागे, आणि बाणा म्हणजे धोट्याने त्यांतून आडवे ओवले जाणारे धागे. इतर बहुतेक साड्यांत ताणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो, त्यामुळे पदर रेशमाच्या ताण्यावर विणायचा तर सगळे वस्त्रच रेशमाच्या ताण्यावर विणावे लागते, नाहीतर महाग धागा फक्त बाण्यात वापरून समाधान मानावे लागते. इरकलच्या विणकरांनी ही अडचण मुळातच दूर केली. अंगासाठी सुताचा ताणा आणि पदरासाठी रेशमाचा आखूड ताणा अशी दोन स्वतंत्र तयारी करून, एका ताण्याच्या धाग्याचा फास दुसऱ्याच्या फासात अडकवत, धाग्याला धागा असे दोन्ही ताणे पूर्ण पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या संपूर्ण रुंदीवर, जोडले जातात. या जोडणीला तोप तेनी म्हणतात. जोड झाल्यावर ताण बसतो, फणी ठोकली जाते आणि लुगडे हातात घेणाऱ्याला अंग संपून पदर सुरू होण्याची एक सरळ रेघ तेवढी दिसते. तिथे शिवण नसते, आणि ओढ बसली तरी जोड उसवत नाही.

या युक्तीची किंमत विणकराला वेळेच्या रूपाने द्यावी लागते. ताणा सलग असला तर तो एकदा मांडून त्यावर एकामागून एक अनेक वस्त्रे विणता येतात. इथे मात्र प्रत्येक लुगड्याला नवा पदर जोडायचा असल्याने सहा, आठ किंवा नऊ वार, म्हणजे एका नगापुरताच ताणा मांडावा लागतो. शेकडो फास अडकवण्याचे काम बारीक नजरेचे आणि चिकाटीचे असते, आणि विणकरी धंद्यात नेहमी घडते तसे या पूर्वतयारीचे बरेचसे ओझे घरातील बायका-मुलांवर पडत आले, ज्याचा मोबदला मजुरीच्या हिशेबात वेगळा धरला जात नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर या कष्टांमुळे, ज्या शेतकरी स्त्रीला संपूर्ण रेशमी वस्त्र आयुष्यात एखादेच मिळाले असते, तिच्या डोक्यावर खऱ्या रेशमाचा पदर आला आणि कमरेखाली धुण्याला व घासण्याला टिकणारे सूत राहिले.

पदराची मांडणीही ठरलेली आहे. तांबड्या रेशमाचे तीन भरीव पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या नक्षीचे दोन पट्टे, हा क्रम सहसा मोडला जात नाही. पांढऱ्या नक्षीतील आकार कंगव्याचे दाते, ज्वारीचे कणीस, किल्ल्याचा तट आणि डोंगरांची रांग अशा नावांनी ओळखले जातात. कोरडवाहू ज्वारीच्या प्रदेशातील माणसाला उंबऱ्याबाहेर पडताच जे दिसते तेच त्यात आहे. हा पदर लांबून ओळखू येतो, आणि गर्दीच्या यात्रेत किंवा बाजारात लांबून ओळखू येणे ही त्याची अर्धी कामगिरी होती.

काठांची रचना वेगळ्या कौशल्यावर उभी आहे. चिक्की, गोमी, गाडी अशी नावे असलेले अडीच ते चार इंच रुंदीचे हे काठ बहुधा तांबडे किंवा किरमिजी असतात. ते एकरंगी आणि भरीव दिसावेत म्हणून कोंडी नावाची तीन धोट्यांची पद्धत वापरली जाते: दोन्ही काठांना त्यांच्याच रंगाचा बाणा देणारे दोन धोटे आणि मधल्या अंगाचा तिसरा धोटा. प्रत्येक ओळीत काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा सीमेवर एकमेकांत गुंतून परत फिरतात, त्यामुळे काठात ताणा आणि बाणा दोन्ही तांबडे राहतात. विदर्भातील करवतकाठी वस्त्रांतही तीन धोटेच वापरले जातात, आणि तिथे ही गुंतण करवतीच्या दात्यांसारखी आकार घेते. ही पद्धत न वापरता काठाचा फक्त ताणा तांबडा ठेवला आणि अंगाचा काळा किंवा हिरवा बाणा त्यावरून सरळ पलीकडे जाऊ दिला, तर काठाचा रंग मळकट होतो. काठ बोटांत धरून उजेडासमोर तिरपा केला की आडवा धागा कोणत्या रंगाचा आहे ते कळते, आणि अस्सल माल ओळखण्यासाठी यापेक्षा वेगळ्या प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

अंगाचा रंग बहुधा गडद असे, कारण धूळ आणि डाग त्यावर कमी दिसतात. डाळिंबी, मोरपंखी, पोपटी यांच्या जोडीला निळीत बुडवून काळी केलेली चंद्रकळा होती, जी महाराष्ट्रात संक्रांतीच्या सणाशी जोडली गेली. उत्तर कर्नाटकात अशाच काळ्या वस्त्रावर कसुती नावाचे भरतकाम करून ते लग्नात मुलीला देण्याची रीत होती. कापडावर आधी रेखाटन न करता, ताण्याबाण्याचे धागे मोजून, गाठ न मारता घातलेले हे टाके गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार प्रकारचे असतात, आणि त्यांतून गोपुर, अंबारीचा हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन हे आकार उमटतात. विणकराने मोकळे सोडलेले अंग नेसणाऱ्या घरातील स्त्रियांनी स्वतः भरावे, अशी ही वाटणी होती.

लुगड्यावरची चोळी ज्या कापडाची शिवली जाई तो खण इरकलजवळच्याच गुळेदगुड्ड येथे विणला जातो, आणि त्याची आखणी तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. खणाचा पन्हा लुगड्याच्या मानाने अरुंद, सुमारे 31 इंच असतो आणि दोन्ही कडांना काठ असतात. मधली बारीक नक्षी, मग ती रथाची असो, सूर्यनारायणाची असो वा हत्तीच्या पावलाची, जादा ताण्याने उठवलेली असते. म्हणजे नक्षीचे धागे लांबीच्या दिशेने जातात आणि तोच आकार एकाखाली एक येत राहतो. यामुळे कापड कुठेही आडवे कापले तरी नक्षी तुटल्यासारखी वाटत नाही आणि दुकानदार एकाच ताग्यातून हवे तितके खण फाडून देऊ शकतो. हुक किंवा बटणे नसलेली, पुढे गाठ मारायची चोळी बेतताना काठ दंडावर येईल अशी बाही कापली जाई आणि लहान तुकड्यांची जोड देऊन सगळा खण वापरला जाई. रेशीम आणि सूत वेगवेगळ्या रंगांत एकत्र विणल्यामुळे मिळणारी धूपछाव, म्हणजे कापड हलले की बदलणारी रंगछटा, उरोभागाच्या वळणावर विशेष खुलते, आणि एवढ्याशा कापडात समृद्धीचा आभास देते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, त्यानंतर हातमागाचा अंत जवळ आला असे अनेकांनी गृहीत धरले. साध्या, बिनकाठी कापडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे ठरले. काठापदराच्या लुगड्यांना मात्र त्यांच्या रचनेनेच दीर्घकाळ संरक्षण दिले. गिरणीचा माग एका लांबलचक ताण्यावर सारखेच कापड काढण्यासाठी बांधलेला असतो. तीन धोट्यांची गुंतण आणि दर नऊ वारांनी नवा पदर जोडणे त्याच्या स्वभावातच बसत नाही. हातमागाचा वेग वाढवणारा फटक्याचा धोटा विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम भारतात पसरला, पण एकच धोटा एका कडेकडून दुसऱ्या कडेला फेकणाऱ्या त्या साधनाचाही गुंतवलेल्या काठांना फारसा उपयोग नव्हता. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील लहान गावांच्या उद्योगांविषयी केलेल्या अभ्यासातून, प्रादेशिक आवडीनिवडी ओळखून त्या पुरवणाऱ्या उत्पादकांनी या काळात आपली जागा टिकवली आणि काहींनी ती वाढवलीही, असे दाखवले आहे. पुढे यंत्रमागांनी काठांची नक्कल सुरू केली. केंद्र सरकारने 1985 साली काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला आणि 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला; तथापि, गल्लीगल्लीतल्या यंत्रमागावर काय विणले जाते यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा कधीच पुरेशी नव्हती.

यंत्रापेक्षाही खोल परिणाम नेसणीच्या बदलाने केला. विसाव्या शतकात शहरांतील शिकलेल्या मराठी स्त्रियांनी विकच्छ, म्हणजे कासोट्याविना नेसायचे पाचवारी गोल पातळ स्वीकारले, त्यावर त्या काळी बरेच वादही झाले. परकरावर नेसलेल्या पाचवारीत कापड कमी लागते आणि निऱ्या समोर पसरून दिसतात. मागचा कासोटा गेला, तसे मागून दिसणारे उभे काठही गेले, आणि खांद्यावरून मोकळा सोडलेला पदर सगळी नजर खेचू लागला. चोळीची जागा टक्सच्या आणि हुकांच्या ब्लाऊजने घेतली, ज्याच्या बेतासाठी अरुंद पन्ह्याचा काठाळ खण सोयीचा नव्हता. खण तरला तो ओटीमुळे. सवाष्णीला आणि देवीला खण-नारळाची ओटी भरण्याची रीत चालू राहिल्याने, अंगावर कुणी घालत नसले तरी त्याची विक्री थांबली नाही. मात्र शिवण्यासाठी नसलेल्या वस्तूचा दर्जा पाहण्याचे कारण उरले नाही, आणि ओटीतला खण वर्षागणिक विरळ होत गेला.

गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, पिशव्या, पुरुषांची जाकिटे यांना शहरांत मोठी मागणी आली आहे. विणकरांना काम मिळणे स्वागतार्ह आहे, आणि त्यात शंका नाही. तरीही चोळीच्या मापाची दाट नक्षी संपूर्ण साडीभर पसरली की डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि या मागणीतला मोठा वाटा यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याच्या मालाने उचलला आहे. शोभायात्रांत दिसणारी शिवलेली नऊवारी याच काळातली: तिच्यात निऱ्या आणि कासोटा शिलाईने पक्के केलेले असतात, त्यामुळे नेसायला दोन मिनिटे पुरतात, पण ती एकाच मापाच्या अंगाला बसते आणि कापड पुन्हा सरळ पसरता येत नाही. इरकलमध्ये आता नऊवारीचे माग थोडे राहिले असून बहुतेक विणकर ब्लाऊजपीससह सहा वारांचा ताणा मांडतात. अंगाला सुताऐवजी पुष्कळदा कृत्रिम रेशीम असते, आणि त्याच्या टोकाला आजही पदराचा वेगळा ताणा फास घालून जोडला जातो.